थांबाबाई

त्यांचं खरं नाव लॅबच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. सगळ्या रुग्णालयात त्या थांबाबाई. हे नाव वॉर्डातल्या सिस्टर लोकांनी पाडलं होतं. वॉर्डातून फोन जायचा, "मॅडम, नऊ नंबरच्या पेशंटला ताप आहे, कुठलं अँटिबायोटिक सुरू करू?" आणि जंतूंच्या लॅबमधून ठरलेलं उत्तर यायचं, "थांबा. आधी नमुना पाठवा." त्यांना हे नाव ठाऊक होतं. एकदा तर फोन उचलून त्या स्वतःच म्हणाल्या, "थांबाबाई बोलतेय." पलीकडच्या सिस्टरने घाबरून फोनच ठेवून दिला. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं तरी त्या म्हणायच्या, "माझा स्वभावच तो. थांबा म्हटलं, आणि तो थांबला नाही." हे खरं होतं की थट्टा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी त्याच रुग्णालयात रेकॉर्ड रूमचा कारकून होतो. खोली तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीच्या मागे, त्यामुळे एका भिंतीला कायम ऊब. बारा लोखंडी रॅक आणि त्यांवर नाडीने बांधलेले केसपेपरचे गठ्ठे. माणूस बरा होऊन गेला काय किंवा न होता गेला काय, त्याचा कागद शेवटी माझ्याकडेच यायचा. आणि जिवंत माणूस माझ्याकडे यायचा तो दोनच कारणांनी. म्हणून एका सकाळी थांबाबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी विचारलं, "मॅडम, कोर्ट की विमा?"

"दोन्ही नाही. मला वाचायचंय."

"कुठल्या पेशंटचा कागद काढू?"

"साथीतले सगळे," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून माझ्या स्टुलावर बसल्या.

साथ ओसरून तेव्हा सात-आठ महिने झाले होते. फुफ्फुसाला धरणारा विषाणूचा ताप होता तो. वॉर्ड कमी पडले, कॉरिडॉरमध्ये खाटा लागल्या, आणि लॅबमध्ये बसणाऱ्या डॉक्टरांनाही वॉर्डात उभं राहावं लागलं. त्या दिवसांतले कागद माझ्याकडे पोत्यांनी आले होते. ते लावता लावता माझ्या नाकीनऊ आले होते. ते सगळे या बाई वाचणार म्हटल्यावर मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळून जातील.

त्या पावणेदोन वर्षं आल्या. रोज दुपारी लॅबचं काम आवरलं की दोन तास.

पहिले काही दिवस मी फक्त गठ्ठे सोडून द्यायचो आणि परत बांधायचो. मग न राहवून विचारलं, "मॅडम, यात शोधताय काय?"

त्यांना समजावून सांगण्याची हौस होती, आणि मला काही कळत नाही याचं त्यांना कधी ओझं वाटलं नाही. मी तोवर विषाणू आणि जिवाणू एकच समजत होतो. फार तर एक विष देतो आणि एक जीव घेतो, एवढाच फरक. त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, अँटिबायोटिक मारतं ते जिवाणूंना. विषाणूवर त्याचा ढिम्म परिणाम होत नाही. साथ होती विषाणूची. मग एवढी अँटिबायोटिक्स कशाला दिली?"

"कशाला?"

"भीतीने. आणि भीती खोटीही नाही. विषाणू फुफ्फुस सोलून काढतो, त्या जखमेतून कधीकधी जिवाणू आत शिरतात. मग माणूस दुहेरी आजारी होतो आणि तेव्हा औषध दिलं नाही तर जातो. पण असे किती होते? दहातला एक? दोनातला एक? कोणालाच माहीत नाही. सगळ्यांनी अंदाजाने सगळ्यांना दिली."

"देऊन ठेवली तर बिघडलं काय?"

मग त्यांनी आमच्याच अँब्युलन्सच्या ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. मी त्याला ओळखत होतो. चव्वेचाळीस वर्षांचा, मिशीला पीळ देणारा, सगळ्यांना हाक मारून जाणारा. साथीत त्याला लागण झाली. विषाणूचा जोर तिसऱ्या आठवड्यात उतरला, घरी जाण्याची गोष्ट निघाली, आणि तेवढ्यात त्याला रुग्णालयातलाच एक जिवाणू चिकटला. त्याचा नमुना थांबाबाईंनीच लावला होता. काचेच्या बशीत जिवाणू वाढवतात आणि वर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवतात. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. "आठ टिकल्या होत्या," त्या म्हणाल्या. "एकाही टिकलीभोवती गोल नाही. बशीभर जिवाणू. आठही औषधं त्यांनी आधीच पाहिलेली होती आमच्याच वॉर्डांमध्ये. मी वॉर्डात जाऊन सांगितलं की माझ्याकडे काही नाही. असं मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं."

ड्रायव्हर दोन दिवसांनी गेला. त्याचा कागद माझ्याकडेच होता, चौथ्या रॅकवर. मी तो लावला होता आणि मला काही कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी नुसते गठ्ठे सोडणं थांबवलं. समोर बसून वाचून दाखवू लागलो. त्यांनी एक छापील तक्ता केला होता, एकतीस रकान्यांचा. भरती झाल्याची तारीख, नमुना कधी पाठवला, काय निघालं, औषध कधी सुरू, कधी बंद, आणि सुरू करण्याचं कारण. मी तारखा वाचायचो, त्या लिहायच्या. ओळ सुटू नये म्हणून कागदावर शाळेतली लाकडी पट्टी ठेवायच्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला डॉक्टरांची अक्षरं लागायला लागली होती. एक डॉक्टर शून्य आणि सहा सारखेच काढायचे. एकांचा सात म्हणजे काठी टेकून उभा राहिलेला म्हातारा. थांबाबाई अडल्या की मी चष्मा कपाळावर सरकवून निकाल द्यायचो.

पहिल्या दोनशे कागदांतच एक गोष्ट माझ्याही लक्षात आली. औषध सुरू केल्याची नोंद ठळक असायची, बंद केल्याची बहुतेक नसायचीच. पहिल्या दिवशी धावपळीत कोणीतरी सुरू केलेलं. दुसऱ्या दिवसापासून नव्या डॉक्टरची एकच ओळ: उपचार तेच चालू. तिसऱ्या दिवशी तेच चालू. नवव्या दिवशी तेच चालू. आणि कारणाच्या जागी काही नाही. मी म्हटलं, "मॅडम, नळ सोडून घरचे लग्नाला गेल्यासारखं दिसतंय हे."

"ही ओळ मी भाषणात वापरणार," त्या म्हणाल्या, आणि पुढे खरंच वापरली.

एका दुपारी मी एक कागद उघडला आणि वाचता वाचता अडखळलो. अक्षर न लागण्याचा प्रश्न नव्हता. ते फार छान लागत होतं. बारीक, सरळ, उजवीकडे न कलणारं. समोर तक्ता भरत होतं ते तेच अक्षर.

"काय झालं?"

मी कागद त्यांच्याकडे फिरवला. साथीत त्यांनी सहा आठवडे वॉर्डात काम केलं होतं, त्यातला तो पेशंट. पहिल्या दिवशी दोन अँटिबायोटिक्स. नमुना पाठवलेला नाही. कारण कोरं. खाली त्यांची सही.

त्यांनी कागद दोनदा वाचला. पट्टी सरळ केली आणि म्हणाल्या, "लिहून घ्या. नमुना नाही, कारण नाही."

"मॅडम, तेव्हा परिस्थितीच अशी होती."

"सगळ्यांचीच होती, भाऊ. मग सगळ्यांच्याच रकान्यात तसं लिहू का?"

असे त्यांच्या सहीचे एक्केचाळीस कागद निघाले. सगळे त्यांनी इतरांसारखेच भरले. तो पहिला कागद निघाला त्या दिवशी चहा मात्र घेतला नाही. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या चुका मोजायला बसलेय असं वाटत होतं मला. बरं झालं हे सापडलं. आता बोलताना आवाज चढणार नाही."

बेरीज एकदा सगळी चुकलीही. कागद निघाले अकराशे एकोणपन्नास आणि पेशंटांची यादी म्हणत होती अकराशे बेचाळीस. वरचे सात कोण, म्हणून आम्ही तीन आठवडे डोकं फोडलं. शेवटी कळलं, सात जण दोनदा भरती झाले होते. मला वाटलं, सातांनी काय आभाळ कोसळतं. पण त्यांनी सगळे तक्ते परत तपासले. त्या काळात मी घरी इतका उशिरा पोचायचो की बायको म्हणाली, "त्या थांबाबाईंनी तुम्हालाही थांबवून घेतलं वाटतं."

निकाल असा निघाला. अकराशे बेचाळीस जणांपैकी नऊशे तीन जणांना अँटिबायोटिक्स मिळाली होती. शंभरातले एकोणऐंशी. नमुने पाठवले होते सातशे दहा जणांचे, आणि भरती झाल्यापासून पहिल्या दोन दिवसांत जिवाणू सापडले फक्त बेचाळीस जणांत. म्हणजे शंभरात सहा. त्यानंतर मात्र जे जास्त दिवस राहिले, त्यांत रुग्णालयातले चिवट जिवाणू वाढत गेलेले दिसत होते.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे औषधांमुळेच माणसं गेली, असंच ना?"

"असं कुठेही बोलू नका," त्या तेवढ्याच शांतपणे म्हणाल्या. "जास्त आजारी माणसाला जास्त औषध देतात. तो जास्त दिवस राहतो आणि आधीच दुबळा असतो. कशामुळे काय झालं ते हे कागद सांगत नाहीत. एवढंच सांगतात की आपण एकोणऐंशी जणांना दिलं आणि गरज सहा जणांना असावी. तेवढं पुरे आहे."

हे त्यांनी सगळ्या डॉक्टरांसमोर मांडलं त्या दिवशी मी मागच्या रांगेत होतो. कारकुनाला तिथे जागा नसते, पण त्यांनी निरोप पाठवून बोलावलं होतं. पुढे मधोमध मोठे डॉक्टर बसले होते. मेडिसिन विभागाचे प्रमुख, थांबाबाईंना शिकवलेले, सगळे त्यांना वचकून असत. बाईंचं बोलणं संपल्यावर ते उठले.

"शंभरात सहा," ते म्हणाले. "मान्य. पण ते सहा कोणते, हे दारातून आत येताना त्यांच्या कपाळावर लिहिलेलं असतं का? समोर माणूस धापा टाकतोय, त्याची बायको माझ्या तोंडाकडे बघतेय. मी तिला तक्ता दाखवू?"

खोलीत काही जण हसले. थांबाबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"सर, कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून पहिल्या दिवशी कोणाला देऊच नका, असं मी म्हणत नाही. ज्याची शंका येते त्याला जरूर द्या. पण सुई टोचायच्या आधी नमुना घ्या. आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी एक प्रश्न विचारा, हे का चालू आहे? उत्तर असेल तर चालू राहू दे. नसेल तर बंद करा. एवढंच मागणं आहे. यातले एक्केचाळीस कागद माझ्या सहीचे आहेत. मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मीच बंद केलं असतं."

मोठे डॉक्टर म्हणाले, "माझा एक वॉर्ड घे. चोवीस खाटा, सहा महिने. आणि एकही माणूस तुझ्या थांबण्यापायी गेला तर त्याच दिवशी बंद."

"चालेल," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशीचा प्रश्न विचारण्याचं काम वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरकडे आलं. बाई अंगाने थोराड आणि आवाजाने त्याहून. कोवळे डॉक्टर आधी कुरकुरले. पण सकाळच्या राउंडला त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून, "डॉक्टर, हे का चालू आहे?" असं विचारायच्या तेव्हा उत्तर नसलेल्याला पळायला जागा नसे. आठवड्याभरात ते आपणहून कारण लिहायला लागले.

आणि दुसऱ्याच महिन्यात थांबाबाईंचे वडील आजारी पडले.

आप्पा म्हणजे आमच्या भागातले जुने औषधवाले. चाळीस वर्षं काउंटरमागे उभे राहिलेले. दुकान विकून दहा वर्षं झाली होती, पण सवय सुटली नव्हती. घरात गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा होता आणि शेजारपाजारचे अजून खोकला झाला की त्यांच्याकडे येत. बाप-लेकीचं या एका विषयावर कधी पटलं नाही. मी एकदा काही कागदांवर सह्या घ्यायला त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तेच चाललं होतं.

"चाळीस वर्षं दिल्या मी गोळ्या," आप्पा म्हणत होते. "कोण मेलं?"

"जो मेला तो दुकानात येऊन सांगतो का, आप्पा?"

"जे बरे झाले ते सांगायला यायचे."

"ते तसेही बरे होणार होते."

आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, शिकवली आणि ही फळं."

साथीच्या विषाणूचाच नातेवाईक असलेला तो ताप होता. आप्पांनी दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागली, तेव्हा लेकीने आणून भरती केलं. खाट मिळाली ती नेमकी त्या चोवीसांतली. थांबाबाई मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, यांना मी बघणार नाही. माझे वडील आहेत. तुम्ही बघा."

"आणि अँटिबायोटिक? सुरू करू का?"

"पेशंट तुमचा आहे, सर."

मोठ्या डॉक्टरांनी आप्पांची छाती दोनदा ऐकली. एक्स-रे उजेडाकडे धरला. रक्ताचे आकडे पाहिले. पूर्वीचे दिवस असते तर हे सगळं पाहण्याआधीच बाटली लागली असती. त्या दिवशी ते म्हणाले, "जिवाणूचं काही दिसत नाही. नमुना पाठवा, ऑक्सिजन लावा. बाकी थांबू."

आप्पांना राग आला. "माझ्या दुकानातून निम्म्या गावाने अँटिबायोटिक नेलं, आणि मलाच नाही?"

नमुन्यात काही निघालं नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी ऑक्सिजन काढला. आप्पा उठून बसून सिस्टरला औषधांच्या जुन्या-नव्या नावांवर व्याख्यान देऊ लागले. थांबाबाईंच्या जिवात जीव आला. सहाव्या दिवशी सकाळी त्यांना घरी सोडायचं ठरलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी आप्पांना हुडहुडी भरली. ताप एकशे तीन. उजव्या बरगडीखाली श्वास घेतला की कळ, आणि खोकल्यातून गढूळ, गंजल्या रंगाचा बेडका. मी तेव्हा जुने कागद घ्यायला वॉर्डात गेलो होतो. मोठ्या सिस्टरनी फोन केला आणि थांबाबाई आल्या. आल्या म्हणजे धावतच आल्या. मी त्यांना धावताना पहिल्यांदा पाहिलं.

मोठे डॉक्टर खाटेशीच होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. पण ते म्हणाले, "हे जिवाणूचं आहे. बरा होत आलेला माणूस असा उलटतो तेव्हा तेच असतं. नमुना घेतला. औषध आत्ता सुरू करतोय."

"हो सर. आत्ताच," त्या म्हणाल्या.

वीस मिनिटांत पहिला डोस गेला. बाई स्वतः बेडक्याची डबी घेऊन लॅबमध्ये गेल्या. मी मागोमाग होतो. जिन्यात मी विचारलं, "आज थांबायचं नाही, मॅडम?"

"थांबायचं असतं ते कळेपर्यंत, भाऊ. कळल्यावर कशाला थांबायचं?"

दुपारी त्या रेकॉर्ड रूममध्ये आल्या. तक्ता नाही, पट्टी नाही. ऊब असलेल्या भिंतीला पाठ लावून बसल्या. मी पाण्याचा ग्लास समोर ठेवला.

"पहिल्या दिवशी दिलं असतं तर हे टळलं असतं का, याचा विचार करतेय," त्या म्हणाल्या.

"टळलं असतं?"

"माहीत नाही. कदाचित टळलं असतं. कदाचित हाच जिवाणू जरा चिवट होऊन आला असता. एका माणसावरून सांगता येत नाही. हे मीच लोकांना सांगते. आज ते मला स्वतःला ऐकायला जड जातंय." पाणी संपवून त्या पुढे म्हणाल्या, "दुसरा कोणी असता तरी आम्ही हेच केलं असतं का, तेवढं मी तपासून पाहिलं. केलं असतं. मग ठीक आहे."

मी गठ्ठे बांधत राहिलो आणि त्या बसून राहिल्या. दहा मिनिटांनी उठून वॉर्डात गेल्या.

पुढचे दोन दिवस मोठ्या सिस्टर सोडल्या तर वॉर्डात कोणी मोकळेपणी बोललं नाही. कुजबुज होती. थांबाबाईंचं थांबणं त्यांच्याच बापाला भोवलं, असं कॅन्टीनमध्ये माझ्या कानावर आलं. बाईंच्याही आलं असणार. त्या रोजच्यासारखं काम करत होत्या, फक्त फोनवर थोडं हळू बोलायच्या.

तिसऱ्या दिवशी नमुन्याचा निकाल आला. जिवाणू साधा होता आणि त्याच्यावर जुनं, साधं औषध चालत होतं. मोठ्या डॉक्टरांनी पहिलं भारी औषध काढून ते साधं लावलं. संध्याकाळी आप्पांचा ताप उतरला, आणि भरती झाल्यापासून अकराव्या दिवशी ते पुन्हा व्याख्यान देत होते.

सोडायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी राउंडला सगळ्या कोवळ्या डॉक्टरांना आप्पांच्या खाटेभोवती उभं केलं. मीही सुटकेचे कागद घेऊन होतो.

"हा पेशंट नीट बघून ठेवा," ते म्हणाले. "पहिल्या पाच दिवसांत याला अँटिबायोटिकची गरज नव्हती. सहाव्या दिवशी तासाभरात हवी होती. दोन्ही वेळा आपल्याला कळलं, कारण आपण रोज बघत होतो. आधी आपण औषध सुरू करायचो आणि बघायचं सोडून द्यायचो. फरक तो आहे." मग थांबाबाईंकडे न पाहता म्हणाले, "मी पस्तीस वर्षं सोडून दिलं होतं."

आप्पांनी विचारलं, "गोळ्या अजून किती दिवस?"

"दोन. एकूण सात होतील."

"आमच्या वेळी दहा द्यायचे."

थांबाबाई मागून म्हणाल्या, "दहा का, ते कोणी तपासलं होतं, आप्पा?"

आप्पांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "पाकिटात दहा यायच्या."

मोठ्या सिस्टर इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या खाटेवरचा माणूस जागा झाला.

सहा महिने संपले तेव्हा त्या वॉर्डातली अँटिबायोटिक्स निम्म्यावर आली होती आणि मरणाऱ्यांची संख्या आधीपेक्षा वाढलेली नव्हती. थांबाबाई म्हणाल्या, "चोवीस खाटांवरून उड्या मारायच्या नाहीत." मग मोठ्या डॉक्टरांनीच बाकीचे वॉर्ड दिले, न मागता. केसपेपर नव्याने छापायची वेळ आली तेव्हा मला बोलावणं आलं. कशासाठी, किती दिवस, असा चौकोन घालायचा होता, आणि तो कुठे घातला तर डोळ्यांतून सुटणार नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी म्हटलं, औषधाच्या ओळीच्या आत, खाली नाही. खालच्या गोष्टी कोणी वाचत नाही. तसंच छापलं गेलं.

त्यांचा अभ्यास एका परदेशी नियतकालिकात आला. त्याला वर्ष लागलं, आणि दोनदा परत आला. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा तपासणाऱ्यांनी विचारलं होतं, एवढे जुने कागद एकही न हरवता कसे मिळाले? त्यांनी उत्तरात काय लिहिलं ते मला मराठीत सांगितलं: रेकॉर्ड ठेवणारा माणूस चांगला आहे. छापून आलं तेव्हा शेवटच्या पानावर आभारांत माझं नाव होतं. तो लेख मी घरी नेला. बायकोला त्यातलं माझं नाव सोडून काही समजलं नाही, मलाही नाही. तरी आम्ही तो पूर्ण पाहिला, पहिल्या पानापासून.

आप्पा ठणठणीत आहेत. शेजारी अजून खोकला घेऊन येतात, पण आता आप्पा आधी प्रश्न विचारतात. किती दिवस झाले, ताप परत उलटला का, बेडक्याचा रंग काय. मग बहुतेकांना पाणी प्या, झोप काढा म्हणून घरी पाठवतात आणि एखाद्याला आजच रुग्णालयात जा म्हणून सांगतात. लेकीला हे कळू देत नाहीत. तिला ते सगळं माहीत आहे.

मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात पेन्शनच्या सहीसाठी रुग्णालयात गेलो, तर थांबाबाई मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. केस पांढरे झालेत, चष्म्याला दोरी आली आहे. मांडीवर नवा तक्ता, या वेळी छत्तीस रकान्यांचा. लहान मुलांचा खोकला, म्हणाल्या. त्याला तर सगळीकडे सरसकट देतात, आणि आकडा कोणाकडेच नाही.

"किती कागद आहेत?" मी विचारलं.

"तीन हजारांच्या वर."

"नवा कारकून अक्षर लावतो का नीट?"

"मुलगी आहे. हुशार आहे. सहा आणि शून्यात अजून गोंधळते."

मी घड्याळ पाहिलं. पेन्शनची खिडकी दोनला बंद होणार होती, आणि उद्याही उघडणार होती. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि खिशातून चष्मा काढला.